डिस्क घासून आणली, तरी दोन महिन्यांत ब्रेक पेडल पुन्हा का उडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाऊन आल्यापासून 80 च्या वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली ठोके देतं आणि स्टेअरिंग थरथरतं. गॅरेजवाल्यांनी ‘डिस्क बेंड झाल्यात’ म्हणून दोन्ही लेथवर घासून आणल्या. दोन महिने गाडी छान चालली, आता पुन्हा तेच सुरू झालंय. नव्या डिस्क टाकायच्या का?

टाकाव्या लागतीलही, पण आधी मोजमाप करा. घासल्यावर ठीक, मग काही हजार किलोमीटरांनी पुन्हा तेच, असं होत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कपेक्षा ती ज्यावर बसते त्या हबमध्ये, किंवा कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), किंवा चाकाचे नट आवळणाऱ्या हातात असतो. तो तसाच ठेवून नव्या डिस्क टाकल्या तर त्याही याच वाटेने जातात.

‘बेंड’ हा शब्द गॅरेजात रूढ असला तरी बिडाची डिस्क रस्त्यावरच्या ब्रेकिंगने सहसा वाकत नाही. खरी भानगड दोन वेगळ्या गोष्टींची असते. एक म्हणजे रनआउट: डिस्क फिरताना किती डावी-उजवीकडे डोलते ते. दुसरी, जाडीतला फरक: डिस्क एका ठिकाणी 19.98 मिमी आणि दुसऱ्या ठिकाणी 20.00 मिमी असणं. पायाला जाणवतो तो जाडीतला फरक. नुसतं रनआउट पायाला कळतच नाही, कारण अशा गाड्यांचा कॅलिपर पिनांवर सरकणारा असतो. डिस्क डोलली की कॅलिपरही तिच्याबरोबर सरकतो आणि पिस्टन जागच्या जागी राहतो. जाडी बदलली की मात्र पिस्टन आत ढकलला जातो, ऑइल पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरकडे परत येतं आणि पेडल वर उचललं जातं.

दोन शतांश मिलिमीटर म्हणजे किती, असं वाटेल. हिशोब करून बघा. कॅलिपरचा पिस्टन 51 मिमी आणि मास्टर सिलिंडर 20.6 मिमी व्यासाचा धरला तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर सहाच्या आसपास येतं. पेडलचा तरफेचा फायदा चारपट धरा. 0.02 मिमीचा फरक पेडलपाशी जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतो, तोही एकाच चाकाचा. 165/80 आर 14 टायर एका फेरीत सुमारे 1.94 मीटर जातो, म्हणजे 80 च्या वेगात सेकंदाला अकरा-बारा ठोके. हे पायाला कळणारच.

आता दोन महिन्यांचा खुलासा. लेथवर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी झाली, म्हणून ठोके थांबले. पण ती हबवर बसवताना मध्ये गंज राहिला आणि डिस्क जराशी तिरकी बसली, तर रनआउट तसंच राहिलं. ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा बाहेर डोलणारा भाग दर फेरीला पॅडला निसटता घासतो. पाच हजार किलोमीटरमध्ये चाक पंचवीस लाखांहून जास्त वेळा फिरतं. एवढ्या वेळा एकाच जागी घासलं की तिथलं बीड झिजतं, किंवा पॅडचा माल तिथे चिकटून थर चढतो. दोन्हींत जाडी बिघडते आणि ठोके परत येतात. नवी डिस्क टाकली तरी घड्याळ इथूनच पुन्हा सुरू होतं.

चाक उघडण्याआधी गाडी चालवून थोडं निदान करून घ्या. ब्रेक न दाबताही 80-90 ला थरथर येत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायरला आलेला फुगवटा बघा. ब्रेकच्या मागे लागू नका. ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हलतं आणि पेडलही उडतं, तर बहुधा पुढच्या डिस्क. स्टेअरिंग शांत, पण सीटखाली आणि पेडलमध्ये ठोके, तर मागचे ड्रम संशयित. खात्रीसाठी मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना 40 च्या वेगात हॅन्डब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. बटण सोडायचं नाही, म्हणजे लगेच मोकळा करता येतो. असं केल्यावर सीटला ठोके बसले तर ड्रम ओव्हल झालाय. (इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या गाडीत हे करू नका.) ओव्हल ड्रमचं नेहमीचं कारण म्हणजे घाट उतरून तापलेल्या ड्रमवर करकचून ओढलेला हॅन्डब्रेक. उतरून आल्यावर गाडी सपाटीला गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हॅन्डब्रेक थोडा वेळ ओढू नका.

एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) घोळ इथेच निस्तरून घ्या. भारतात 1 एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हा प्रश्न आता छोट्या गाड्यांतही येतो. खडीवर, वाळूवर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर पेडल कर्रर्र आवाज करत उडतं, ते एबीएसचं नेहमीचं काम. दोष कधी समजायचा? कोरड्या डांबरावर, साधाच ब्रेक दाबून गाडी थांबत आली आणि शेवटच्या 10-15 च्या वेगात पेडलने लाथ मारल्यासारखा झटका दिला तर. चाकाच्या सेन्सरखाली गंज फुगणं, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटणं, दात्यांच्या रिंगला तडा जाणं ही त्याची कारणं. ठोक्यांच्या वेगावरूनही ओळखता येतं. डिस्कचे ठोके गाडीच्या वेगाबरोबर मंदावतात. 80 ला अकरा-बारा असतील तर 20 ला सेकंदाला तीनच, अगदी मोजता येतील असे. एबीएसची घरघर वेगाबरोबर अशी मंदावत नाही. तरी शंका राहिली तर रिकाम्या जागेत, कमी वेगात, एबीएसचा फ्यूज काढून एकदा ब्रेक मारून बघा. झटका गेला तर सेन्सरकडे वळा आणि फ्यूज लगेच परत लावा. तुमच्या वर्णनात ठोके 80 ला आहेत आणि स्टेअरिंगही हलतंय, म्हणून आपण पुढच्या डिस्ककडे जाऊ.

मोजायला दोन साधनं लागतात: चुंबकी स्टँडसह 0.01 मिमीचा डायल गेज आणि 0-25 मिमीचा बाहेरचा मायक्रोमीटर. व्हर्नियर इथे कामाचा नाही. त्याचं लघुत्तम माप 0.02 मिमी, म्हणजे जो फरक शोधायचाय तेवढंच. शिवाय डिस्कच्या काठाला उरलेल्या कंगोऱ्यावर त्याचे जबडे अडतात. गॅरेजकडे गेज नसतो ही खरी अडचण. पण भोसरी, सातपूर, शिरोली अशा कुठल्याही एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये ही दोन्ही साधनं रोजच्या वापरात असतात, आणि ओळखीने मिळतातही.

गाडी सपाटीला घ्या, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा, नट जमिनीवरच ढिले करा, मग जॅक आणि त्याखाली स्टँड. नुसत्या जॅकवर काम नको. गिअर न्यूट्रलला ठेवा. चाक काढण्याआधी ते वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. तो बदलेपर्यंत डायल गेजचा आकडा खरा नाही. मग चाक काढा, कॅलिपर सोडून तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटते. आतून फाटलेली नळी झडपेसारखी वागते: ब्रेक लागतो पण सुटत नाही.

डिस्क काढण्याआधी एक स्टड (हबमधला, चाकाचा नट ज्यावर बसतो तो बोल्ट) आणि त्याच्याजवळचं डिस्कवरचं भोक यांवर खडूने खूण करा. आता चाकाशिवाय डिस्क हबला घट्ट बसवायची असते. नटाखाली जाड वॉशर घाला, कारण चाकाची जाडी आता मध्ये नाही, आणि सगळे नट समोरासमोरच्या क्रमाने सारखे, 40-50 न्यूटन-मीटरला आवळा. गेजचा स्टँड नकलवर (हब ज्यात बसतो त्या, चाकाबरोबर न फिरणाऱ्या भागावर) घट्ट बसवा. नकल अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर चुंबक धरणार नाही, क्लॅम्प लागेल. गेजचं टोक डिस्कच्या काठापासून 10 मिमी आत, पृष्ठभागाला काटकोनात, साधारण एक मिलिमीटर दाबून ठेवा. डिस्क हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. काटा सगळ्यांत खाली येतो तिथे शून्य करा, पुन्हा फिरवा, सगळ्यांत वरचा आकडा म्हणजे रनआउट. त्या जागी खडूने खूण करा. कंपनीची मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते आणि बहुतेक कारना ती 0.05 ते 0.10 मिमीच्या दरम्यान येते. मर्यादा 0.10 दिली असली तरी 0.05 च्या आत आणल्याशिवाय जोडू नये, असं माझं मत. 0.08 वर जोडलेली गाडी त्या दिवशी सुरेख चालते, पण झीज तेव्हाच सुरू झालेली असते.

जाडी मायक्रोमीटरने, काठापासून त्याच 10 मिमी आतल्या वर्तुळावर, 45 अंशांवर एक अशी आठ ठिकाणी घ्या आणि आकडे डिस्कवरच लिहून ठेवा. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत छोटा यांतला फरक 0.01 च्या आत हवा. 0.015 झाला की चोखंदळ पायाला कळू लागतो, 0.03 ला कोणालाही.

आता मुख्य भाग. डिस्क काढा आणि हबचा चेहरा, म्हणजे डिस्क टेकते ती सपाट बाजू, बघा. मधल्या उंचवट्याच्या कडेला आणि प्रत्येक स्टडच्या बुंध्याशी गंजाची पापडी साचलेली असते. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाऱ्या हवेतल्या गाडीत ती खिपलीसारखी निघते. गॅरेजात हबवरून एकदा कापड फिरवतात आणि डिस्क चढवतात, तिथेच घोळ होतो. हबच्या चेहऱ्यावर स्टडच्या वर्तुळाशी, केंद्रापासून सुमारे 60 मिमीवर 0.02 चा कण राहिला तर 115 मिमी त्रिज्येवर, म्हणजे डिस्कच्या काठाशी, तो जवळपास 0.04 चा डोल देतो. वायर ब्रश, मग 80 नंबरचा एमरी पेपर, स्टडभोवतीच्या जागेला ड्रिलला लावायचा छोटा वाटी ब्रश. चेहरा सगळीकडे धातूसारखा चकाकेपर्यंत. डिस्कची आतली बसण्याची बाजूही तशीच साफ करा. ग्राइंडर मात्र अजिबात लावू नका, हबलाच खड्डे पडतील. मधल्या उंचवट्यावर कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात चालेल. चेहऱ्यावर आणि स्टडच्या आट्यांवर काहीही लावायचं नाही.

साफ केल्यावर डिस्क आधीच्याच खुणेवर बसवून पुन्हा मोजा. बऱ्याचदा इथेच आकडा निम्म्यावर येतो. नाही आला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवा आणि मोजा. इथे एक सोपी परीक्षा होते. सगळ्यांत बाहेर डोलणारी जागा डिस्कवरच्या खडूच्या खुणेबरोबर पुढे सरकली, तर दोष डिस्कचा. खूण सरकली पण उंच जागा मात्र त्याच स्टडसमोर राहिली, तर दोष हबचा. चार स्टडच्या हबला चार जागा मिळतात, पाचच्या हबला पाच. त्यांतली सगळ्यांत कमी आकड्याची निवडा. हबचा आणि डिस्कचा डोल एकमेकांविरुद्ध आला तर एक दुसऱ्याला खातो आणि दोन्ही वस्तू न बदलता काम होतं. डिस्कला छोट्या स्क्रूची भोकं असतील तर हा पर्याय मर्यादित होतो, पण चाचणीपुरता स्क्रू बाजूला ठेवता येतो.

दोष हबचा निघाला तर हबच्या चेहऱ्यावर थेट गेज लावून खात्री करा. जोरात बसलेल्या खड्ड्याने हब वाकू शकतो. तो बदलताना बेअरिंग प्रेसवर काढावं लागतं आणि काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरण्यासारखं राहत नाही, म्हणून नवं आणूनच काम सुरू करा. एबीएसच्या गाडीत बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे आली पाहिजे. उलटं दाबलं तर एबीएसचा दिवा लागेल आणि सगळं परत उघडावं लागेल.

डिस्क घासायची की बदलायची, हे तिच्या मधल्या टोपीवर किंवा काठावर कोरलेल्या किमान जाडीवरून ठरतं. 22 मिमीच्या नव्या डिस्कला ती साधारण 20 असते. तुमची एकदा घासून झालीच आहे. दुसऱ्यांदा घासल्यावर किमान जाडीच्या वर अर्धा मिलिमीटर तरी उरत नसेल तर तो खर्च वाया आहे, नवी जोडी घ्या. पृष्ठभागावर निळे-काळे डाग असतील तरीही घ्या. तिथलं बीड जास्त तापून कडक झालेलं असतं. लेथचं टूल त्यावरून घसरतं आणि घासल्यावर तोच भाग पुन्हा उंच उरतो. पॅडच्या आकाराचा नुसता करडा ठसा असेल, तर तो चिकटलेला थर आहे. घाट उतरून लालबुंद तापलेल्या डिस्कवर चहाच्या टपरीपाशी पेडल दाबून थांबलं की हा ठसा उमटतो. तो 120 नंबरच्या पेपरने गोल-गोल घासून कधीकधी निघतो. पावसाळाभर उभ्या गाडीच्या पॅडखाली चढलेल्या गंजाचं मात्र वेगळं असतं. वरवरचा गंज चार-सहा ब्रेकमध्ये जातो, खड्डे पडले असतील तर जात नाही.

लेथवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. डिस्क मधल्या भोकावर आणि बसण्याच्या आतल्या चेहऱ्यावर धरायची, बाहेरच्या काठावर नाही. कापण्याआधी डायल लावून ती खरी फिरते का बघायचं. दोन्ही बाजू एकाच बांधणीत, हलक्या कटने घ्यायच्या. गाडीवरच हबसकट डिस्क घासणारं मशीन जवळपास असेल तर तोच उत्तम पर्याय, कारण हबचा दोषही त्यात आपोआप निघून जातो. घासलेली डिस्क साबणाच्या पाण्याने धुवा. रंध्रांतला काळा कीस नुसत्या कापडाने निघत नाही. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. घासलेली असो वा नवी, गाडीवर चढवल्यावर रनआउट पुन्हा मोजायचंच.

कॅलिपर उघडाच आहे तर त्याचे पिन हाताने ओढून बघा. ते बोटांनी सरकले पाहिजेत. अडकलेला पिन म्हणजे एक पॅड कायम डिस्कला टेकलेला आणि डिस्क सतत तापलेली. आतला आणि बाहेरचा पॅड यांच्या जाडीत दोन मिलिमीटर फरक दिसला तर निदान तिथेच झालं. जुनं ग्रीस पुसून रबराला चालणारं सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. नेहमीचं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन महिनाभरात पुन्हा अडकतो. दोन पिनांपैकी एकाला रबरी बाही असते; त्यांची अदलाबदल करू नका. पिस्टन सी-क्लॅम्पने मागे दाबताना ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवा, वरपर्यंत भरली असेल तर थोडं काढा. ब्रेक ऑइल रंग खातं. सगळं जोडल्यावर गाडी सुरू करण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. हे विसरलं तर पहिल्या ब्रेकला पेडल थेट जमिनीला टेकतं.

पॅड नवेच घाला, आणि दोन्ही चाकांचे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चढउतार उमटलेले असतात. मग मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत मध्यम जोराचे आठ-दहा ब्रेक मारा, प्रत्येकात अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवा आणि कुठेही पूर्ण थांबू नका. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता सावकाश चालवून डिस्क थंड होऊ द्या. लगेच वॉशिंगला नेऊ नका. घरी आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने उष्णता ताडून बघा. एक बाजू ठळकपणे जास्त गरम असेल तर त्या बाजूचा कॅलिपर किंवा नळी अजून धरते आहे.

राहिले नट. एअर गनने एक नट 150 ला आणि शेजारचा 70 ला आवळला गेला की हब आणि डिस्कची टोपी दोन्ही किंचित पिळली जातात, आणि वर इतकं करून आणलेलं 0.03 चं रनआउट एका मिनिटात 0.09 होतं. छोट्या कारना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतं. नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. नट आधी हाताने पूर्ण बसवा, मग टॉर्क रेंचने समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळा, 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. यापुढे पंक्चरवाल्याने गनने चाक लावून दिलं, की घरी येऊन चाक टेकलेलं असतानाच एकेक नट ढिला करून रेंचने पुन्हा बसवा. आणि गॅरेजात हे काम करून घेणार असाल तर बिलावर दोन्ही चाकांचं जोडणीनंतरचं रनआउट आकड्यात लिहून मागा. आकडा देऊ न शकणाऱ्या गॅरेजात डिस्क बदलून घेऊ नका.